हमालाच्या पाठीचं गणित

पुण्याच्या मार्केट यार्डात सकाळी कांद्याच्या गाड्या खाली होत असतात. ट्रकवर उभे असलेले दोघं गोणी फाळक्याच्या कडेपर्यंत ओढत आणतात. खाली उभा असलेला हमाल पाठ देतो, कमरेतून जरा पुढे झुकतो, आणि गोणी मानेच्या मुळाशी, दोन्ही खांद्यांच्या मधोमध येऊन बसते. डोक्याला बांधलेल्या फडक्याची एक घडी त्याने आधीच मानेवर ओढलेली असते. गोणी बसली की तो क्षणभर हलत नाही. श्वास कोंडतो, पोट आवळतो, गुडघे किंचित सैल सोडतो आणि मग लहान लहान पावलं भरभर टाकत निघतो.

मी तिथे उभा राहून बघत असतो तो हा न हलण्याचा क्षण. पन्नास किलोंचं ओझं त्या क्षणी नेमकं कशावर तोललेलं असतं? कुणालाही विचारलं तर उत्तर एकच येतं: कण्यावर. कणा म्हणजे शरीराचा खांब, मणक्यावर मणका रचलेला, वरचं ओझं खाली जमिनीत पोचवणारा. शाळेच्या प्रयोगशाळेत तारेला लटकवलेला सांगाडा पाहून आपण सगळे हेच शिकलो. पण खांबाचं हे चित्र घेऊन हिशेब मांडायला बसलं की पहिल्याच पायरीला तो कोसळतो.

या हिशेबाची सुरुवातही एका हमालापासून झाली होती. जोव्हान्नी अल्फोन्सो बोरेल्ली हा सतराव्या शतकातला इटालियन गणिती. प्राण्यांच्या हालचालींवरचा त्याचा लॅटिन ग्रंथ, ‘दे मोतू अनिमालियुम’, त्याच्या मृत्यूनंतर १६८० आणि १६८१ साली रोममध्ये दोन भागांत छापला गेला. त्यात मानेवर १२० पौंडांचं ओझं घेऊन वाकलेला एक हमाल आहे. बोरेल्लीने विचारलं, हे ओझं तोलायला त्याच्या पाठीचे स्नायू आणि मणक्यांमधल्या चकत्या मिळून किती जोर लावत असतील? त्याचं उत्तर पंचवीस हजार पौंडांच्या पुढे गेलं. एकेका सांध्यावरचे जोर मोजून त्याने त्यांची बेरीज केली होती, त्यामुळे तो आकडा आज कुणी तसाच घेत नाही. पण त्यामागचा विचार साडेतीनशे वर्षं टिकला आहे. शरीर थोड्या जोराने मोठी वजनं हलवतं, अशी तोवरची समजूत होती. बोरेल्लीने दाखवलं की प्रकार अगदी उलटा आहे. आपले स्नायू हाडांना सांध्याच्या फार जवळ जोडलेले असतात, त्यामुळे बाहेर दिसणाऱ्या वजनाच्या कित्येक पट जोर त्यांना आत लावावा लागतो.

हे पडताळायला घरातला पाण्याचा हंडा पुरे. भरलेला हंडा २० किलोंचा धरू. कमरेतून वाकून तो उचलताना हंडा कमरेच्या सगळ्यात खालच्या चकतीपासून साधारण ४० सेंटिमीटर पुढे असतो. कणा ताठ धरणारे पाठीचे स्नायू मात्र त्याच चकतीच्या मागे, जेमतेम ५ सेंटिमीटरवर. ही तरफ आहे आणि टेकू चकतीचा. एका बाजूला २० किलो चाळीस सेंटिमीटरवर, म्हणून दुसऱ्या बाजूला पाच सेंटिमीटरवर १६० किलोंची ओढ हवी. शिवाय वाकलेल्या बाईचं स्वतःचं डोकं, हात आणि धड आहेच. ते ३० किलो आणि सरासरी २५ सेंटिमीटर पुढे धरलं तर त्यासाठी आणखी १५० किलो. म्हणजे वीस किलोंचा हंडा जमिनीवरून सुटतो त्या क्षणी त्या एका चकतीवर तीनशे किलोंहून जास्त दाब असतो. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेने कमरेच्या चकतीसाठी धोक्याची जी रेषा आखली आहे, ती ३४०० न्यूटनची, म्हणजे सुमारे ३५० किलोंची. एक हंडा आपल्याला त्या रेषेच्या उंबऱ्यावर आणून सोडतो.

तोच हंडा डोक्यावर चढला की चित्र पालटतं. आता ओझं टेकूच्या पुढे नाही, जवळजवळ बरोबर वर आहे. तरफेचा लांब हात नाहीसा झाला. चकतीवरचा दाब वाढतो तो हंड्याच्या वजनाइतका, फार तर त्याहून थोडा अधिक. चुंबळ इथे दोन कामं करते. गोल बुडाच्या भांड्याचं वजन टाळूवर एका ठिकाणी टोचू न देता पसरवते आणि भांड्याला बैठक देते, म्हणजे तोल सावरायला मानेला सारखी धडपड करावी लागत नाही. विहिरीवर एक बाई दुसरीला म्हणते, “जरा हात लाव गं.” हंडा डोक्यावर गेल्यावर तिला कुणाची गरज नसते. मदत लागते ती जमिनीपासून डोक्यापर्यंतच्या टप्प्याला, आणि चकतीला खरा धोका तिथेच असतो. यार्डातला हमाल जमिनीवरची गोणी एकट्याने उचलण्यापेक्षा फाळक्यावरून पाठीवर घेतो, तेही याच कारणाने.

पूर्व आफ्रिकेतल्या लुओ आणि किकुयू स्त्रियांवर १९८०च्या दशकात एक अभ्यास झाला. स्वतःच्या वजनाच्या एक पंचमांशापर्यंतचं ओझं त्या वाहत होत्या आणि चालण्याला लागणारी ऊर्जा मोकळं चालताना लागते त्याहून वाढत नव्हती. म्हणून डोक्यावर ओझं वाहणं निरुपद्रवी ठरत नाही. मानेचे मणके लहान असतात, रोजच्या या भाराने ते लवकर झिजतात. कमरेवरचा बोजा काढून मानेवर ठेवला, इतकंच झालेलं असतं. ‘माथाडी’ हा शब्दच माथ्यावरून आला आहे. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला, त्यातून त्यांना मंडळं मिळाली, मजुरीची हमी मिळाली. पोत्याचं वजन मात्र आजही माणसाच्या पाठीकडे पाहून ठरत नाही. सिमेंटची गोणी ५० किलोंची असते. नायॉशच्या सूत्रात सगळी परिस्थिती अनुकूल असताना उचलायच्या वजनाची मर्यादा २३ किलो आहे. साखरेचं पोतं एके काळी शंभर किलोंचं असायचं, ते पन्नासवर आलं. म्हणजे गोणी लहान करता येते. तिचं वजन अजून खाली आणायला मला एकही खरी अडचण दिसत नाही.

आता त्या खांबाकडे वळू. माणसाच्या कण्यात ३३ मणके असतात. त्यांतले मानेचे ७, छातीचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ मोकळे. खालचे त्रिकास्थी आणि माकडहाड यांत जुळून गेलेले. कमरेचा एकेक मणका भलताच भक्कम असतो, तो सुटा दाबला तर काहीशे किलो सहज पेलतो. असे मणके एकावर एक रचले म्हणजे खांबही भक्कम होईल असं वाटतं. १९६१ साली ल्युकस आणि ब्रेसलर या दोघांनी ते करून पाहिलं. स्नायू काढून टाकलेला, पण चकत्या आणि अस्थिबंध शाबूत असलेला छाती-कमरेचा कणा त्यांनी खालून घट्ट बसवला आणि वरून वजन ठेवलं. तो सुमारे २ किलोंना वाकून पडला. दोन किलो! आपल्या डोक्याचंच वजन चार-पाच किलो असतं.

हाड मोडलं नव्हतं. जे झालं ते प्लास्टिकच्या फूटपट्टीचं होतं. पट्टी टेबलावर उभी धरून वरून बोटाने दाबा. एका मर्यादेपर्यंत ती सरळ राहते आणि मग अचानक कडेला बाक काढते. पट्टीचा तुकडा पडत नाही, तिची उभं राहण्याची क्षमताच संपते. उंच, बारीक खांबाचं हे असं का होतं, याचं गणित अठराव्या शतकात लेओनहार्ड ऑयलरने मांडलं. आजही इमारतीचा प्रत्येक खांब त्याच आधारावर तपासला जातो.

मग आपण उभे कसे राहतो? कोकणातल्या शिडाच्या होडीची डोलकाठी बघा. ती नुसती रोवली तर वाऱ्याच्या पहिल्या झोताला आडवी होईल. तिला चहूबाजूंनी दोर ताणून बांधलेले असतात, आणि डोलकाठी ताठ राहते ती त्या ताणांमुळे. रस्त्याच्या वळणावरच्या विजेच्या खांबालाही असाच तारेचा ताण दिलेला असतो. कण्याचे ताण म्हणजे त्याचे स्नायू. काही लांब, बरगड्यांपासून कटीपर्यंत जाणारे. काही आखूड, दोन-तीन मणके ओलांडून संपणारे. लांब ताण सगळा कणा सावरतात. आखूड ताण, विशेषतः मल्टिफिडस नावाचा खोलवरचा स्नायू, एकेक मणका जागच्या जागी धरतात. डोलकाठीला चार-सहा दोर पुरतात कारण ती एकसंध आहे. कण्याची काठी चोवीस तुकड्यांची आहे, म्हणून तिला प्रत्येक सांध्याशी स्वतंत्र दोर लागतात.

पण यातून एक कोडं उभं राहतं. स्नायू ओढतात म्हणजे चकत्यांवर आणखी दाब टाकतात. दोन किलोंना वाकणाऱ्या काठीवर शेकडो किलोंचा दाब टाकून ती स्थिर कशी होईल? याचं सुरेख उत्तर १९९९ साली शिकागोजवळ काम करणाऱ्या अविनाश पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. नुसता कमरेचा कणा वरून सरळ उभा दाबला की शंभर न्यूटनच्या आसपास, म्हणजे दहाएक किलोंना, वाकतो. त्यांनी प्रत्येक मणक्याच्या दोन्ही बाजूंना कड्या बसवल्या, त्यांतून तारा ओवल्या आणि त्या तारा खाली ओढल्या. आता दाब सरळ रेषेत न जाता कण्याच्या वळणावरूनच, मणक्यामणक्याच्या मध्यातून जाऊ लागला. तोच कणा १२०० न्यूटन, म्हणजे १२० किलोंच्या आसपास, निवांत पेलू लागला. दाब किती यापेक्षा तो कोणत्या वाटेने जातो यावर सगळं ठरतं. मण्यांची माळ दोऱ्याने घट्ट ओढली की ती वाकलेल्या आकारातही कडक होते. आपले आखूड स्नायू दिवसभर हेच करत असतात.

वळणांविषयी एक वाक्य अनेक पुस्तकांत फिरत असतं: तीन वळणांमुळे कणा सरळ काठीपेक्षा दहापट मजबूत होतो. मला ते पटत नाही. वाकडी काठी दाबाखाली सरळ काठीपेक्षा लवकर वाकते, ऑयलरच्या गणितातून वेगळं काही निघत नाही. वळणांचा उपयोग दुसरा आहे. जन्मलेल्या बाळाचा कणा एकाच कमानीत असतो. तीन-चार महिन्यांत बाळ मान धरतं तेव्हा मानेचं वळण आकाराला येतं, आणि ते उभं राहून चालू लागतं तेव्हा कमरेचं. डोकं आणि धड यांचा भार पायांच्या बरोबर वर यावा, उभं राहायला स्नायूंना कमीत कमी ओढ लागावी, यासाठी ही वळणं आहेत. ती शिवाय थोडी दबतात, उघडतात आणि चालण्याचे हादरे गिळतात.

आता तो न हलण्याचा क्षण. हमाल श्वास कोंडतो आणि पोट आवळतो, ते काय असतं? वर श्वासपटल, खाली कटीचा तळ, भोवती पोटाचे स्नायू. हे सगळं एकदम आवळलं की पोटाची पोकळी फुगवलेल्या फुग्यासारखी कडक होते आणि समोरून कण्याला धरते. बार्टेलिंक या शास्त्रज्ञाने १९५७ साली या दाबाकडे लक्ष वेधलं. या फुग्याने चकतीवरचा भार नेमका किती हलका होतो यावर नंतर बरेच वाद झाले, पण कणा ताठ राहायला त्याची मदत होते यावर फारसं दुमत नाही. कामाला लागण्यापूर्वी कमरेला उपरणं आवळणाऱ्या, पदर खोचणाऱ्या आपल्या लोकांनी ‘कंबर कसणे’ हा शब्दप्रयोग उगाच घडवलेला नाही.

या सगळ्याला एका आकृतीत आणलं ते येल विद्यापीठातल्या मनोहर पंजाबी या मूळ भारतीय संशोधकाने, १९९२ साली. कणा स्थिर राहतो तो तीन व्यवस्थांच्या जोरावर, असं त्यांनी मांडलं: हाडं, चकत्या आणि अस्थिबंध ही एक, स्नायूंची दुसरी, आणि या दोघांची वार्ता ठेवून हुकूम सोडणाऱ्या मज्जासंस्थेची तिसरी. एक थकली तर उरलेल्या दोन तिचं काम वाटून घेतात. तिसऱ्या व्यवस्थेचं महत्त्व कळायला हात उंचावून पाहा. ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात झालेल्या प्रयोगांत दिसलं की निरोगी माणसाने हात उचलायचं ठरवलं की खांद्याचा स्नायू हलायच्या आधीच पोटाचा खोलवरचा स्नायू आवळला जातो. कंबरदुखीच्या रुग्णांत हा आवळ उशिरा येत होता.

उसण भरते ती इथेच. गोणी उचलणारा शाबूत राहतो आणि खाली पडलेली पेन्सिल उचलताना एखाद्याची कंबर धरते, याचं आपल्याला नवल वाटतं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या स्टुअर्ट मॅकगिल यांच्या गटाने वजन उचलणाऱ्या खेळाडूंचे कणे क्ष-किरणांच्या चलच्चित्रात पाहिले. प्रचंड वजन उचलतानाही सांधे आपली शेवटची मर्यादा ओलांडत नव्हते. एका खेळाडूला मात्र मधेच दुखापत झाली आणि ती चित्रात सापडली: बाकी सगळे मणके जागेवर असताना एकच सांधा क्षणभर अर्ध्या अंशाने मर्यादेबाहेर गेला होता. एका आखूड दोराने निमिषभर ढिलाई केली होती. मोठ्या वजनाला शरीर आधीच कंबर कसतं. पेन्सिलीसाठी ते कुणी करत नाही.

चकतीला मराठीत आपण गादी म्हणतो. शब्द छान आहे, पण चित्र चुकवतो. चकतीच्या मध्यभागी पाण्याने भरलेला मऊ गर असतो. तरुणपणी त्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच. त्याभोवती तंतूंची १५ ते २५ कडी, एकात एक. प्रत्येक कड्यातले तंतू तिरपे, आणि पुढच्या कड्यातले उलट दिशेने तिरपे. टायरच्या आतले धाग्यांचे थर असेच आडवेतिडवे असतात, आणि कामही तेच: आत दाब कोंडायचा, बाहेर फुटू द्यायचा नाही. वरून भार आला की गर बाहेर ढकलतो, कडी ताणली जातात. दाब असा ताणात बदलतो.

हा दाब जिवंत माणसात मोजण्याचं धाडस स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात केलं. चकतीत सुई घालून त्यांनी दाखवलं की बसल्यावर चकतीवरचा दाब उभं राहण्यापेक्षा जास्त असतो. ती गोष्ट पुढे तीस वर्षं जगभर शिकवली गेली. १९९९ साली जर्मनीतल्या उल्म इथे हान्स-योआखिम विल्के यांनी दीड मिलिमीटर जाडीचा संवेदक एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या चकतीत बसवून जवळजवळ चोवीस तास नोंदी घेतल्या. आडवं पडल्यावर दाब ०.१ मेगापास्कल. उभं राहिल्यावर ०.५, मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या दुपटीहून जास्त. पाठ वाकवून २० किलो उचलले की २.३, तेच गुडघे वाकवून उचलले की १.७, वजन उचलून अंगाशी धरलं की १.१. आणि बसल्यावर? ०.४६, म्हणजे उभं राहण्याहून किंचित कमीच. खुर्चीत रेलून, सैल बसल्यावर तर ०.२७. माणूस एकच होता, तेव्हा त्यावरून सगळ्या जगाचा नियम करता येणार नाही. तरी ‘ताठ बस’ म्हणून मुलांच्या पाठीत धपाटा घालण्याआधी हा आकडा आठवावा.

इथेच आणखी एका प्रतिमानाचं खरंखोटं होतं. अमेरिकी शिल्पकार केनेथ स्नेल्सन याची तारा आणि नळ्यांची शिल्पं प्रसिद्ध आहेत. नळ्या एकमेकींना न टेकता तारांच्या ताणावर हवेत तरंगतात. बकमिन्स्टर फुलरने या रचनेला टेन्सेग्रिटी म्हटलं, आणि स्टीफन लेव्हिन या अस्थिशल्यचिकित्सकाने शरीरही असंच बांधलेलं आहे असं मांडलं. कल्पना मोहक आहे, ताणाचं महत्त्व तिने सगळ्यांच्या डोक्यात भरलं. पण मणके तरंगत नाहीत. तरंगत असते तर विल्के यांच्या संवेदकाला टायरच्या दहापट दाब सापडला नसता.

गादी सरकतही नाही. ती वरच्या आणि खालच्या मणक्याला पक्की चिकटलेली असते. कड्यांना चीर पडते, त्यातून गर मागे येतो आणि मज्जातंतूला टोचतो. आणि ज्याला लोक ‘मणक्यात गॅप’ म्हणतात तिथे बहुतेक वेळा गॅप वाढलेला नसतो. चकतीतलं पाणी ओसरून ती चपटी झालेली असते, म्हणजे दोन मणक्यांमधली जागा कमी झालेली असते. ‘गॅप’ हा शब्द ऐकून माणूस कणा खिळखिळा झाल्यासारखा घाबरतो, हालचाल थांबवतो, कमरेला पट्टा लावून महिनोन्महिने जपून बसतो. मग दोर ढिले पडत जातात. कसलंही दुखणं नसलेल्या लोकांच्या एमआरआयचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के. पायात मुंग्या, जोर कमी होणे, लघवीवरचा ताबा जाणे ही लक्षणं असतील तर डॉक्टरांकडे धावावंच. पण नुसत्या अहवालातल्या शब्दाला घाबरून चालणं सोडलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत, आणि त्यांच्यासाठी जीव तुटतो.

प्रौढ माणसाच्या चकतीच्या गाभ्यात रक्तवाहिन्या नसतात. तिला पाणी आणि पोषण मिळतं ते वरखालच्या मणक्यांमधून झिरपून. दिवसभर भाराखाली ती पाणी सोडते. संध्याकाळी आपण सकाळपेक्षा दीड-दोन सेंटिमीटरने ठेंगणे असतो. रात्री आडवं पडलं की ती ते परत ओढते. उल्मच्या त्या स्वयंसेवकाच्या चकतीतला दाब सात तासांच्या झोपेत ०.१ वरून ०.२४ वर चढला होता, काहीही न उचलता. म्हणूनच उठल्या उठल्या कमरेतून वाकणं चकतीला दिवसातलं सगळ्यात जड जातं; ती तट्ट फुगलेली असते.

यार्डात दुपारी एकच्या सुमारास गाड्या संपतात. गाळ्यांच्या सावलीत रिकाम्या बारदानांच्या चळतीवर हमाल आडवे होतात, बरेचजण गुडघे दुमडून, डोक्याखाली तेच सकाळचं फडकं घेऊन. अर्ध्या-पाऊण तासाने पुढची गाडी लागते. तेवढ्या वेळात त्यांच्या कमरेतल्या चकत्या पाणी पीत असतात.